ओकादाबाईंची सायकल आणि तुमची सही

काका, तुम्ही गेल्याच्या पाचव्या दिवसापासून मला गाढ झोप लागते आहे. जवळचं माणूस गेल्यावर असं लिहिणं बरं दिसत नाही, हे मला कळतं. पण तुमच्यापुढे माझी एकही थाप कधी पचली नाही, तेव्हा आता तरी कशाला मारू? रडले खूप. दोन दिवस अन्न गोड लागलं नाही. आणि तरीही आतून मोकळं मोकळं वाटतंय, हे तुम्हाला सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

एक तर तुम्ही गेलात तेच किती सहज गेलात! रविवारची दुपार, खिडकीजवळची खुर्ची, हातात अर्धं सोललेलं मिकान, इथलं ते छोटं संत्रं. तुमचा मुलगा अजित चहा टाकायला आत गेला आणि कप घेऊन बाहेर आला, तर तुम्ही नव्हतातच. तुम्हाला त्या नळ्यांची आणि यंत्रांची केवढी धास्ती होती. "उपचार नाकारायचा हक्क आहे मला," असं तुम्ही डॉक्टरांना बजावलंत, अजितला बजावलंत, माझ्या नवऱ्याला, सुहासला बजावलंत, एकदा तर हॉस्पिटलातल्या त्या बिचाऱ्या दुभाषी मुलीलाही बजावलंत. तो हक्क वापरायची वेळच आली नाही. तापाची साधी गोळीसुद्धा वाद घातल्याशिवाय न घेणारा माणूस एवढ्या निमूटपणे गेला, याचंच आमच्या सगळ्या बिल्डिंगला नवल वाटतंय.

तुम्ही कुठे शिकवलंत, अमेरिकेतून कायद्याची कुठली पदवी घेऊन आलात, किती विद्यार्थी घडवलेत, हे सगळं पुण्याच्या वर्तमानपत्रात येईल. ते लिहिणारे लिहोत. मी टोकियोशेजारच्या उरायासुतली तुमची दोन मजले खालची शेजारीण. मला फक्त एका सायकलीबद्दल आणि एका सहीबद्दल बोलायचं आहे.

भूकंप झाला त्या वर्षी इथली निम्मी मराठी घरं आठवड्याभरात रिकामी झाली. आमच्या भागात जमिनीखालची वाळू चिखल होऊन रस्त्यावर आली, मॅनहोल कमरेइतकी वर उचलली गेली, नळाला पाणी नाही, संडास बंद. आमच्या शेजारचं कुटुंब तिसऱ्या दिवशी विमानात बसलं. जाताना त्या वहिनींनी माझ्या हातात राइस कुकर दिला, तुळशीची कुंडी दिली आणि सायकलची किल्ली दिली. आपल्यात इथे हेच चालतं. जाणारा राहणाऱ्याला संसार देऊन जातो. त्या वहिनींनाही ती सायकल कुणीतरी जाताना दिलेली, त्या कुणीतरीला आणखी कुणीतरी. कागद कुणी केला नव्हता, कारण कुंडीचा कुणी कागद करतं का?

सगळे पुण्याकडे पळत असताना तुम्ही उलटे इकडे आलात. काकू जाऊन वर्ष झालं होतं आणि अजित तुम्हाला एकटं ठेवायला तयार नव्हता. तुमच्या दोन बॅगांपैकी एकीत मेतकूट आणि लोकरीचे कपडे होते, दुसरीत नुसती पुस्तकं. मी तेव्हा बेन्तोच्या, म्हणजे जेवणाच्या डब्यांच्या दुकानातलं बाइतो, अर्धवेळ काम, सोडून टोकियोतल्या कोतो भागातल्या एका लहानशा भाषांतराच्या ऑफिसात जायला लागले होते. अमेरिकेत खटले चालणाऱ्या जपानी कंपन्यांचे कागद आमच्याकडे यायचे. इंग्रजी कळायचं, कायदा ओ की ठो कळत नव्हता. अजित म्हणाला, "बाबांना विचार. त्यांना कुणीतरी ऐकणारं हवंच आहे." आणि आपली ती समुद्राच्या बंधाऱ्यावरची शिकवणी सुरू झाली.

काय मजा होती हो! अमेरिकेच्या पहिल्या दहा घटनादुरुस्त्या तुम्ही दहा संध्याकाळी शिकवणार होतात आणि आपल्याला दोन वर्षं लागली. तिसरी आठवते? शांततेच्या काळात घरमालकाच्या परवानगीशिवाय कुणाच्या घरात सैनिक ठेवता येणार नाहीत. मी विचारलं, "काका, यात पुण्याहून येणारे पाहुणे धरता येतात का?" आमच्या दोन खोल्यांत तेव्हा सुहासचे मावसभाऊ सहकुटुंब उतरले होते, इथलं ते प्रसिद्ध करमणुकीचं उद्यान बघायला. तुम्ही इतके हसलात की मासे धरत बसलेले जपानी आजोबा वळून बघायला लागले.

चौथीवर तर आपलं भांडणच झालं. विनाकारण झडती घेता येणार नाही, असं तुम्ही सांगत होतात, आणि त्याच सकाळी बिल्डिंगच्या कचऱ्याच्या बाईंनी माझी पिशवी दारात परत आणून ठेवली होती. जळणाऱ्या कचऱ्यात नारळाची करवंटी निघाली म्हणून वर चिठ्ठी. मी तावातावाने म्हटलं, "ही झडती नाही तर काय?" तुम्ही शांतपणे सांगितलंत की अमेरिकेच्या कोर्टानेही रस्त्यावर ठेवलेल्या कचऱ्याला खाजगी मानलेलं नाही. "तुझी करवंटी तुला तिथेही वाचवता आली नसती." त्यानंतर आठवडाभर मी तुमच्यासाठी ओल्या नारळाच्या वड्या केल्या नाहीत, ते तुम्हाला बरोबर लागलं.

खरा वाद पाचवीचा. कुणालाही स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येणार नाही. गप्प राहण्याचा हक्क. तो मला काही केल्या पटेना. ज्याच्या मनात काही काळंबेरं नाही त्याने गप्प कशाला बसायचं? चार प्रश्न विचारले, चार उत्तरं द्यावीत, मोकळं व्हावं. तुम्ही म्हणायचात, "मीनल, हा हक्क लपवणाऱ्यांसाठी नाही गं. घाबरलेल्यांसाठी आहे. घाबरलेला माणूस काहीही कबूल करतो." मी म्हणायची, "मी नाही करणार." युद्धानंतर अमेरिकनांच्या देखरेखीखाली जपानची घटना लिहिली गेली आणि तिच्या अडतिसाव्या कलमात तुमची ही पाचवी जवळजवळ जशीच्या तशी येऊन बसली, हे तुम्हाला इथे आल्यावर वाचताना नव्याने उमगलं. शाळेतलं लाडकं पोर परगावी अचानक भेटावं तसा तुमचा चेहरा झाला होता. मला मात्र ते पुस्तकातलंच वाटत राहिलं.

आणि मग ती ऑक्टोबरची संध्याकाळ. ऑफिसने मला कायम करायचं ठरवलं होतं, व्हिसा बदलायचे माझे कागद इमिग्रेशनमध्ये पडले होते. सुहास ओसाकाला. मी स्टेशनवरून सायकलने घरी येताना पोलिसाने थांबवलं, सायकलच्या दांड्यावरचा नोंदणीचा स्टिकर बघितला, वायरलेसवर नंबर सांगितला. सायकल कुणा ओकादा नावाच्या बाईंच्या नावावर निघाली. या बाई कोण, ते मला माहीत नव्हतं. पोलिसांनी त्यांना फोन लावला तर नंबर बंद. मला अतिशय नम्रपणे पोलीस स्टेशनात नेलं.

मी बोलत सुटले. जे तुम्ही दोन वर्षं सांगत होतात त्याच्या बरोबर उलट. वहिनी, राइस कुकर, कुंडी, भूकंप, सगळं सांगितलं, माझ्या मोडक्यातोडक्या जपानीत. मराठीचा दुभाषी त्यांच्याकडे कुठून असणार? समोरचे साहेब मान डोलवत लिहीत होते. चहा दिला. मग त्यांनी लिहिलेलं वाचून दाखवलं, आणि त्यात माझ्याच तोंडचं म्हणून एक वाक्य होतं: ही सायकल दुसऱ्याच्या मालकीची आहे हे माहीत असूनही मी ती स्वतःची म्हणून वापरली. मी म्हटलं, असं नाही. ते म्हणाले, पण दुसऱ्याची होती ना? मी म्हटलं, होती. तुम्हाला माहीत होतं ना की तुम्ही विकत घेतलेली नाही? माहीत होतं. मग? त्यांनी शाईची डबी पुढे सरकवली. सही करा आणि बोट उठवा, की झालं. "मुलगी घरी वाट बघत असेल ना?"

ईरा तेव्हा आठ वर्षांची होती आणि तुमच्याकडे बसली होती. मी तिला सांगायला म्हणून मघाशी फोन केला होता, तेवढ्यावरून तुम्ही निघालात. मी शाईच्या डबीकडे हात नेला तो इतका थरथरत होता की साहेबांनीच म्हटलं, पाणी पिऊन या. बाहेर आले तर कॉरिडॉरमध्ये पेयांच्या मशीनशेजारच्या बाकावर तुम्ही. कानटोपी, हातात छत्री, धाप लागलेली.

"सही करू नकोस."

"काका, एक सायकल आहे हो फक्त. करते आणि घरी जाते."

"काय लिहिलंय त्यात?"

मी सांगितलं.

"हे खरं आहे?"

"शब्द खरे आहेत. अर्थ खोटा आहे. पण ते साहेब चांगले आहेत हो. म्हणाले, मुलगी वाट बघत असेल."

तुम्ही छत्री बाकावर ठेवलीत. मला वाटलं आता अडतिसावं कलम सुरू होणार. पण तुम्ही जमिनीकडे बघत म्हणालात, "मलाही हेच म्हणाले होते. पोर रांगायला लागलं असेल, मास्तर."

मग त्या बाकावर, येणाऱ्याजाणाऱ्या जपानी पोलिसांच्या समोर, तुम्ही ते सांगितलंत. आणीबाणीत तुम्ही आणि तुमचे मित्र भास्करराव यांनी मिळून एक पत्रक काढलं होतं. मजकूर तुमचा होता. दोघांनाही उचललं. चाळिसाव्या दिवशी तुमच्यापुढे कागद आला: माझी दिशाभूल झाली होती, झाल्याबद्दल खेद वाटतो, पुन्हा असं करणार नाही. अजित सहा महिन्यांचा. तुम्ही सही केलीत आणि संध्याकाळी घरी येऊन पिठलंभात जेवलात. भास्कररावांनी केली नाही. ते वर्षाहून जास्त आत राहिले, तब्येत घालवून बाहेर आले. आणि आणीबाणी उठल्यावर दोघांचा एकत्र सत्कार झाला. लोकांना वाटत होतं, तुम्हाला आजारपणामुळे सोडलं. भास्कररावांना सगळं ठाऊक होतं, ते तुमच्या शेजारी उभे राहून हसत होते. "आणि मी हार घालून घेतला," तुम्ही म्हणालात. "सही भीतीनं केली गं. हार मात्र स्वखुशीनं घातला."

अजितच्या दिवाणखान्यातला तो फोटो. दोन तरुण प्राध्यापक, गळ्यात झेंडूचे हार. मी शंभर वेळा त्याच्याखाली बसून चहा प्यायले होते.

"एकदा सही केली की ती माणसाबरोबर येते, मीनल. टोकियोपर्यंत येते. जा आत. आणि हे अजितला कळता कामा नये."

मी आत गेले. हे वाक्य बरोबर नाही, म्हणून मी सही करणार नाही, ओकादाबाईंना कृपा करून शोधा, एवढं सांगितलं. साहेबांनी दातांतून हवा ओढली, मान तिरकी केली आणि मला घरी जाऊ दिलं.

पाचव्या दिवशी फोन आला. ओकादाबाई सापडल्या होत्या, योकोहामाला लेकीकडे. गुडघे गेले तेव्हा सायकल त्यांनीच वरच्या मजल्यावरच्या भारतीय मुलीला दिली होती. भूकंपानंतर त्या मुलीच्या घरी पाणी आलं का, असंही त्यांनी पोलिसांना विचारलं म्हणे. साहेबांनी माझी वाकून माफी मागितली. महिन्याने व्हिसाही आला. आपण दोघं बेसनाचे लाडू घेऊन योकोहामाला गेलो, बाईंनी कापऱ्या हातांनी सायकल माझ्या नावावर केल्याचा कागद लिहिला, आणि तुम्ही तो सगळा वेळ त्यांच्या पेनाकडे बघत बसलात. सही झाल्यावर तुम्ही खिशातून रुमाल काढून नाक शिंकरलंत.

इथवर सगळं छान होतं. पुढची चूक माझी.

सगळे विचारायला लागले, काकांनी असं काय सांगितलं की तू एकदम वाघीण झालीस? मी काय सांगणार? म्हटलं, काकांनी अडतिसावं कलम म्हणून दाखवलं. पुढच्या गणपतीपर्यंत त्याची कथा झाली होती: काकांनी पोलीस स्टेशनात उभं राहून इंग्रजीत घटना म्हटली आणि सगळे अधिकारी खुर्च्या सोडून उठले. मी हसण्यावारी नेलं, खोडून काढलं नाही. गणपतीच्या कार्यक्रमात इथल्या मराठी मंडळाने तुमचा सत्कार ठरवला, आणि हार घालायला मलाच पुढे ढकललं. मी हार घेऊन समोर आले तेव्हा तुम्ही माझ्याकडे बघितलंत. रागाने नव्हे. थकून. आणि मान खाली केलीत. तो हार तुमच्या डोक्यावरून जाताना कानटोपीला अडकला, सगळे हसले, टाळ्या वाजल्या. ज्या एका गोष्टीने तुम्ही चाळीस वर्षं जळत होतात तीच मी तुमच्या गळ्यात पुन्हा घातली. त्याबद्दल मी तुमची माफी कधी मागितली नाही. आज मागते.

त्यानंतर बंधाऱ्यावर एकदा मी विषय काढला होता. सरळ काढायची हिंमत नव्हती, म्हणून धड्याच्या आडून. "काका, समजा मला दुसऱ्याचं काहीतरी माहीत आहे. त्याच्यासाठी गप्प राहण्याचा हक्क मला आहे का?"

"पाचवीखाली? नाही. तो हक्क ज्याचा त्याचा. दुसऱ्याच्या वतीनं मागता येत नाही."

"म्हणजे कोर्टानं विचारलं तर मला सांगावं लागेल?"

"कोर्टानं विचारलं तर."

"आणि अजितनं विचारलं तर?"

तुम्ही उठून उभे राहिलात. "चल. वारा सुटलाय."

हा वाद आपला तसाच राहिला. मला आणखीही एक म्हणायचं होतं, ते मला घरी जाताना सुचलं आणि मग कधी जमलं नाही. तुमच्याच कायद्याप्रमाणे धाकाने घेतलेला कबुलीजबाब पुराव्यात धरत नाहीत. मग पोराचं नाव घेऊन काढून घेतलेली तुमची सही तुम्ही स्वतःविरुद्ध जन्मभर कशी काय धरलीत? इतरांना जे माफ, ते तुम्हाला का नाही? तुमचं उत्तर मला ऐकू येतंय. "सहीचं सोड. हाराचं काय?" त्यावर एवढंच म्हणेन की हार घालून घेणाऱ्या माणसाने ते एकदा तरी कुणाला सांगितलं, आणि सांगितलं ते स्वतःला हलकं करायला नव्हे. माझा हात शाईच्या डबीपासून मागे यावा म्हणून सांगितलं.

पण हे मी अजितला सांगू शकत नव्हते. तो दरवर्षी तुमच्या वाढदिवसाला त्या फोटोवरची धूळ पुसायचा, आणि मी दरवर्षी बशीतल्या चिवड्यात बघत बसायची. तुमची तब्येत खालावली तसं मला वाटायला लागलं की तुम्ही जाल, आणि हे ओझं माझ्याकडे ठेवून जाल. सांगितलं तर तुम्हाला दिलेला शब्द मोडतो, नाही सांगितलं तर तो फोटोपुढे उभा राहून भाषण करणार आणि मी ऐकणार. काका, खरं सांगते, एक-दोनदा तुमचा रागही आला.

तुम्ही गेलात त्याच्या पाचव्या दिवशी स्मशानगृहाची वेळ मिळाली. इथे सगळ्यालाच रांग. तुम्हाला आत नेल्यावर आम्हाला एका स्वच्छ, उजेडाच्या खोलीत बसवलं. गरम चहा, बिस्किटं, तासभर थांबायचं. सुहास आणि ईरा कागदपत्रांच्या खिडकीशी गेले. ईरा आता तुमच्या खांद्याला लागेल एवढी झाली आहे, जपानी आमच्यापेक्षा बरं बोलते, म्हणून असली कामं तिच्याकडे. खोलीत अजित आणि मी.

तो म्हणाला, "शोकसभेत मी बोलणार आहे. तू पोलीस स्टेशनचा प्रसंग सांग. तुझ्या तोंडून बरा वाटेल."

मी बिस्किटाचा कागद सोडवायला घेतला.

"त्या दिवशी बाबा नक्की काय म्हणाले तुला? इंग्रजीत म्हटलं का कलम?"

शेवटी अजितने विचारलंच, काका. वारा सुटलाय म्हणायला तुम्ही नव्हतात. आणि तुमचाच धडा आठवला की तुमच्या वतीने गप्प राहण्याचा हक्क मला नाही.

मी म्हटलं, "काकांनी मला गप्प राहायला सांगितलं होतं."

"हो ना. पोलिसांपुढे."

"तुझ्यापुढे."

त्याने कप खाली ठेवला. मग अगदी हळू म्हणाला, "सहीचं का?"

काका, मला खुर्चीतून पडायला झालं. त्याला माहीत होतं! काकूंनी सांगितलं होतं, तो नोकरीसाठी इकडे यायला निघाला त्याच्या आदल्या दिवशी. "तुझ्यासाठी केली होती सही. पण त्यांना कधी विचारू नकोस, मोडतील," म्हणाल्या. त्याने विचारलं नाही. तो फोटो त्याने मुद्दाम इकडे आणला, मुद्दाम दिवाणखान्यात लावला, की कधीतरी तुमची नजर जाईल आणि तुम्ही बोलाल. आणि तुम्ही तुमची खुर्ची वळवून खिडकीकडे करून घेतलीत. आम्ही समजत होतो, म्हाताऱ्याला समुद्र आवडतो.

"मला वाटत होतं, कुणाला न सांगताच गेले," तो म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. "मनात घेऊन गेले असं वाटत होतं. तुला सांगितलं? स्वतःहून?"

"स्वतःहून. मशीनशेजारच्या बाकावर."

"कशासाठी?"

"सायकलसाठी."

"सायकलसाठी?" आणि तो हसायला लागला. रडता रडता इतका हसला की मीही सुटले. सुहास आणि ईरा दारात येऊन थबकले. ईरा जपानीत काहीतरी पुटपुटली, बहुधा आमची लाज वाटत असल्याचं. आम्ही दोघं नाक पुसत, बिस्किटं खात बसलो. तेवढ्यात ठरलं की शोकसभेत खरा प्रसंग सांगायचा. फोटो भिंतीवरच राहणार, आणि भास्कररावांबद्दल अजित बोलणार. तुम्हाला हे आवडेल की नाही, ते मला माहीत नाही. तुमचा आक्षेप मी नोंदवून घेतला आहे.

मग आत बोलावलं. इथली रीत तुम्हाला ठाऊक आहे, एक अस्थी दोघांनी दोन जोड काड्यांनी मिळून उचलायची आणि कलशात ठेवायची. सगळ्यात शेवटी मानेचा एक छोटा मणका ठेवतात, त्याला ही मंडळी घशातला बुद्ध म्हणतात. पांढऱ्या हातमोज्यातल्या त्या माणसाने तो वेगळा काढून दाखवला आणि अजितला म्हणाला की इतका अखंड क्वचितच मिळतो. अजितने सुहासकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि काड्यांची दुसरी जोडी माझ्या हातात दिली.

"बाबा," तो मराठीत म्हणाला, "मीनलनं सांगितलं."

आम्ही दोघांनी मिळून तुम्हाला उचललं. मला भीती होती ती माझ्या हाताची. पण काका, या वेळी तो जरासुद्धा थरथरला नाही.